चौकानी

चौकान्याच्या दिवाणखान्यात माणसानं बसावं अशी जागा एकच असते. सोफा असतो, पण तो भिंतीकडे ढकललेला. त्यावर बसलेल्याला काहीतरी ऐकू येत असेल. ते संगीत नव्हे, असं चौकान्याचं ठाम मत. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि चौघांपासून टेपनं मोजून सारख्या अंतरावर ती एक खुर्ची. खुर्चीच्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. केर काढताना बायकोनं खुर्ची चार बोटं सरकवली, तर संध्याकाळी पहिल्याच गाण्याला त्याला कळतं. म्हणजे चिकटपट्टी बघून कळतं, पण तो सांगतो ‘ऐकून’.

ही जमात अमेरिकेत १९७०च्या आगेमागे उपजली. इंग्लंड-जपानातही तिच्या शाखा निघाल्या. स्टीरिओ रेकॉर्ड येऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. लोक एका स्पीकरचे दोन करून नुकते कुठे टेकले होते. तेवढ्यात कंपन्यांच्या मनात आलं, दोनाचे चार केले तर तोच माल पुन्हा खपेल. १९६९ साली व्हॅनगार्ड कंपनीनं चार चॅनेलच्या रिळाच्या टेप काढल्या, पुढच्या वर्षी आरसीएनं मोटारीतही वाजेल असं चार चॅनेलचं कार्ट्रिज आणलं. इथवर सगळं सरळ होतं. चार आवाज, चार ट्रॅक, चार स्पीकर. बायको वगळता कोणाची हरकत नव्हती.

घोटाळा रेकॉर्डपाशी झाला. रेकॉर्डच्या खोबणीला भिंती दोन, आणि आवाज भरायचे चार. ते कसे कोंबायचे याच्या पद्धती वेगवेगळ्यांनी काढल्या, आणि त्यांतून तीन घराणी उभी राहिली. सीबीएसची एसक्यू, जपानच्या सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४. एका घराण्याची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर धड वाजेना. आपल्याकडे एका घराण्याचा गवई दुसऱ्याचं गाणं निदान मैफिलीच्या मागच्या रांगेत बसून ऐकतो. इथं तीही सोय नव्हती, कारण मागची रांग हाच तर वादाचा विषय होता.

एसक्यूवाला चौकानी हा श्रद्धावान. त्याच्या पद्धतीत चारही आवाज दोन भिंतींत कालवून टाकायचे आणि घरी डिकोडर लावून पुन्हा वेगळे काढायचे. आता कालवलेलं वेगळं काढणं किती कठीण, हे गणितालाही ठाऊक होतं. साध्या डिकोडरमधून पुढचा आणि मागचा आवाज यांच्यात फरक उरायचा सुमारे ३ डेसिबलचा. म्हणजे गायिका समोर उभी आहे की पाठीमागे, याचा निकाल लावायला पाकिटावरचा मजकूर वाचावा लागे. श्रद्धावान तो आधीच वाचून ठेवायचा आणि मग त्याला अचूक ऐकू यायचं. याच पद्धतीची आणखी एक खोड होती. बरोबर पाठीमागे, मधोमध ठेवलेला आवाज जुन्या एका स्पीकरच्या यंत्रावर लावला, की साफ नाहीसा व्हायचा. त्यावर एसक्यूवाल्याचं म्हणणं असं, की एका स्पीकरवर ऐकणाऱ्याची तीच लायकी.

सीडी-४वाल्याला श्रद्धा मान्य नाही, त्याचा भर कर्मकांडावर. त्याच्या तबकडीत चारही आवाजांचा हिशेब चोख वेगळा ठेवलेला असतो, पण त्यासाठी नेहमीच्या संगीताच्या वर, सेकंदाला ३०,००० कंपनांच्या लहरीवर, दुसरा मजकूर कोरलेला. माणसाचा कान २०,०००ला हात टेकतो. म्हणजे जगात कोणालाच ऐकू येत नाही असं काहीतरी नीट वाजावं म्हणून स्वतःचा पगार खर्चणारा हा इतिहासातला पहिला संगीतप्रेमी. त्याला शिबाता नावाची खास घडणीची सुई लागे, खास वायर लागे, डिमॉड्युलेटरची बटणं पिळायला चाचणीची वेगळी तबकडी लागे. एवढं करून एखाद्या पाहुण्यानं साध्या सुईनं ती रेकॉर्ड पूर्वी घासलेली असली, की वरच्या कंपनांची वाट लागलेली आणि व्हायोलिनच्या जागी सॅंडपेपर. सीडी-४वाल्याच्या घरात मुलांना काडेपेटीला हात लावला तर रागावत नसत, सुईला लावला तर रागावत.

क्यूएसवाला या दोघांचं भांडण ऐकत कोपऱ्यात शांत बसलेला असतो. आपलीच पद्धत सरस होती, हे त्याला माहीत आहे. ते फक्त त्यालाच माहीत आहे, हे मात्र त्याच्या ध्यानात आलेलं नाही.

तिघांचं एकमत होतं ते पाहुण्याच्या बाबतीत. पाहुणा आला की त्याला खुर्चीत बसवायचा. आधी प्रवचन. सभोवार संगीत हे काही आजचं खूळ नव्हे, बर्लिओझनं १८३७ साली आपल्या रेक्वीममध्ये चार कोपऱ्यांत चार पितळी वाद्यांचे ताफे उभे केले होते. पिंक फ्लॉइडनं १९६७ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये दांडा फिरवून आवाज सभागृहभर हिंडवला होता. तो दांडा बसवलेली पेटी त्या कार्यक्रमानंतर चोरीला गेली. हे सांगताना चौकान्याचा आवाज असा होतो, की स्वतःच्याच घरातला तांब्या गेला. मग नमुने. ई. पॉवर बिग्ज फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलमधले चार ऑर्गन एकट्यानं वाजवतोय. बूलेझनं बार्टोकसाठी वाद्यवृंद आपल्याभोवती गोल बसवलाय. पाहुण्याला डाव्या खांद्यामागून ट्रम्पेट ऐकू येतो. कोणीही शहाणा माणूस करेल तेच तो करतो, मान वळवून मागे बघतो.

“मान हलवायची नाही!”

पुढचा पाऊण तास पाहुणा दाढी करवून घेणाऱ्यासारखा बसून असतो. पुढच्या वेळी तो फोन करून घरी कोण आहे ते विचारतो आणि बायकोशी बोलून ठेवून देतो.

संगीत आवडतं का, असं चौकान्याला विचारू नये. त्याच्या कपाटात लष्करी बॅंड आहे, सिंथेसायझरवर वाजवलेला देबुसी आहे, स्वतःला मुळीच न आवडणाऱ्या गायकांचे ढीगभर अल्बम आहेत. पाकिटाला क्वाडचा, म्हणजे चार चॅनेलचा, सोनेरी काठ दिसला की त्यानं घेतलेले. उलट ‘द हू’चा १९७३चा ‘क्वाड्रोफेनिया’ त्याच्या दृष्टीनं विश्वासघात आहे. नावात क्वाड, आणि बाजारात आला दोन चॅनेलांतच. अल्बम चांगला आहे असं कोणी म्हटलं, तर तो म्हणतो, “असेल. मी दोन कोपऱ्यांतूनच ऐकलाय.”

दशक संपता संपता दुकानदार कंटाळले. तीन पद्धतींच्या तीन तबकड्या ठेवायच्या, गिऱ्हाइकाला फरक समजावून सांगायचा आणि गिऱ्हाईक शेवटी साधी स्टीरिओ घेऊन जाणार. क्वाडचा माल घासाघीस न करता अर्ध्या किमतीला निघाला, कंपन्यांनी हात झटकले आणि चौकानी त्या एका खुर्चीत एकटा उरला. सुबुद्ध माणसानं अशा वेळी दोन स्पीकर विकून दोन कोपरे बायकोला परत केले असते. चौकान्यानं पत्रक काढलं.

ते पत्रक पाहायला हवं. टाइपरायटरवर ठोकलेलं, ‘ई’ अक्षराचं पोट भरलेलं, कोणाच्या तरी कचेरीतल्या झेरॉक्सवर साहेब गेल्यानंतर काढलेलं, एका कोपऱ्यात टाचलेलं. त्रैमासिक म्हणून जाहीर होणारं आणि वर्गणीदारांच्या संयमाच्या बेतानं निघणारं. आपल्याकडची सायक्लोस्टाइल अनियतकालिकं प्रस्थापितांना शिव्या द्यायला निघत, हे पत्रक एकमेकांना द्यायला. पहिल्या पानावर संपादकीय, आणि त्यात अंक का लांबला याची कारणं. त्यानंतर याद्या. कुठला अल्बम कुठल्या पद्धतीत निघाला, कुठला फक्त टेपवर आला, कुठल्याच्या पाकिटावर क्वाड छापलंय पण आत निव्वळ स्टीरिओ भरलाय. हा शेवटचा विभाग सगळ्यांत आवडीनं वाचला जाई. मग डिकोडरचा नकाशा, आणि पुढच्या अंकात त्या नकाशातल्या एका रेझिस्टरची दुरुस्ती. मधल्या काळात ज्यांनी तो जोडला त्यांची पत्रं त्याच्याच पुढच्या अंकात.

शेवटच्या पानावर छोट्या जाहिराती. ‘पाहिजे: अमुक टेप, डबा नसला तरी चालेल. विकणे आहे: चार स्पीकर, कौटुंबिक कारणास्तव.’ या दुसऱ्या जाहिरातीखाली संपादक कधीकधी स्वतःकडून दोन शब्द सहानुभूतीचे टाकी.

आणि अफवा. पत्रक जगलं ते अफवांवर. अमक्या कंपनीच्या तळघरात चार चॅनेलच्या मूळ टेपा सुरक्षित आहेत. तमका अभियंता नवा डिकोडर करतोय, या वेळी गायिका खरोखरच समोर उभी राहील. त्यातली एक बातमी तर चक्क खरी होती. फिलिप्स आणि सोनीनं १९८०च्या सुमारास सीडीची जी नियमावली ठरवली, तिच्यात ‘ही तबकडी चार चॅनेलची आहे’ असं सांगणारी एक खूण राखून ठेवलेली होती. तशी तबकडी कोणी काढली नाही. पण खूण होती! एवढ्या एका बिटवर चौकान्यांनी कित्येक वर्षं आशा धरली. मला स्वतःला याचं हसू कमी येतं. लॉटरीच्या तिकिटापेक्षा ही आशा स्वस्त होती आणि तिला निदान अधिकृत कागदाचा आधार होता.

पत्रकामुळे पत्ते कळले, पत्त्यांमुळे पत्रं सुरू झाली आणि कधीतरी एक चौकानी सात तास मोटार हाकत दुसऱ्याच्या घरी जाऊन थडकला. दोघांनी एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कडकडून हात मिळवले. दिवाणखान्यात आले, आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की खुर्ची एकच आहे.

“बसा ना.”

“छे, छे. घर तुमचं.”

“तुम्ही एवढ्या लांबून आलात.”

शेवटी एक बाजू याची, एक बाजू त्याची, असा तह झाला. एक जण मान ताठ धरून समाधीत, दुसरा दारात उभा राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघतोय. दोघांनी मिळून असं संगीत ऐकलंच नाही. एकानं ऐकलं आणि एकानं ऐकणारा पाहिला. पण तुम्हाला सांगतो, चौकान्याच्या चेहऱ्याकडे असं कौतुकानं आजवर घरातलं कोणी पाहिलं नव्हतं. तो दिवस सुखाचा गेला असता. दुपारी पाहुण्यानं “मागचा डावा किंचित चढा वाटतो” असं म्हणून बटणाला हात लावला, एवढंच झालं. त्याचं वर्णन पुढच्या अंकात दोन पत्रांच्या रूपानं आलं, आणि दोन्ही पत्रांत बटणाला हात दुसऱ्यानं लावला होता.

गंमत अशी, की चौकानी चूक नव्हता. दोन ट्रॅकमध्ये चार आवाज कालवायची युक्ती डॉल्बीनं सिनेमासाठी उचलली आणि १९७७ साली ‘स्टार वॉर्स’मधून ती जगानं डोक्यावर घेतली. (आपल्याकडे दोन वर्षं आधी मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ची ७० मिलिमीटरची प्रिंट सहा चुंबकी ट्रॅकवर वाजत होती, तिथं कालवाकालवीची गरजच पडली नाही.) व्हिडिओ कॅसेट घरोघर आल्यावर चौकान्यानं सिनेमे आपल्या जुन्या क्यूएस डिकोडरला जोडून पाहिले, आणि मागच्या स्पीकरांतून अंतराळयानं सुखरूप बाहेर पडली. पुढे तर होम थिएटरच्या नावाखाली जो तो पाठीमागे स्पीकर टांगू लागला. चौकान्याला आनंद व्हायला हवा होता. तो शेजाऱ्याकडे गेला, पाच मिनिटं गोळीबार आणि हेलिकॉप्टर ऐकलं आणि ट्रम्पेट कुठाय, असं विचारून परत आला. शिवाय शेजाऱ्याकडे सोफ्यावर चौघं बसली होती आणि चौघांनाही ऐकू येत होतं, हे तर त्याला पटण्यासारखं नव्हतंच.

आणि मग ती तळघरातली अफवा खरी ठरली. ‘डार्क साइड ऑफ द मून’चं अॅलन पार्सन्सनं केलेलं क्वाड मिश्रण २०११च्या मोठ्या संचातून रीतसर बाहेर आलं, २०१६ साली ‘शिकागो’चे जुने क्वाड अल्बम एकत्र निघाले, इंग्लंडमध्ये डटन व्होकॅलियननं मूळ टेपांवरून एकामागून एक तबकड्या काढायला घेतल्या. सुई नको, डिकोडर नको, कालवणं नको. चार आवाज चार कोपऱ्यांत, स्वच्छ, घासल्याचा आवाज नाही, ३ डेसिबलची अडचण नाही. चौकान्यानं त्यातली पहिली तबकडी मागवली, बायकोला फोन उचलून ठेवायला सांगितला आणि शेवटपर्यंत मान न हलवता ऐकली.

मग उठला आणि कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. अभिनंदन पहिल्या ओळीत, बाकी दोन्ही पानं तिसऱ्या गाण्यात मागचा डावा आणि मागचा उजवा यांची अदलाबदल झाल्याबद्दल. पत्राच्या प्रती त्यानं जुन्या पत्रकाच्या तीन वर्गणीदारांनाही धाडल्या. तिघांचीही उलट टपाली उत्तरं आली. अदलाबदल झाली आहे, यावर तिघांचं एकमत होतं. एकाच्या मते ती दुसऱ्या गाण्यात होती, एकाच्या मते पाचव्यात, आणि तिसरा क्यूएसवाला होता. त्याचं म्हणणं, तबकडी बरोबर आहे, खुर्ची उलटी ठेवली आहे.