कॅसेटवाले मामा

दिवाळे गावच्या मासळी बाजारात कुणाच्या मोबाइलवर कोळीगीत वाजलं, की कॅसेटवाले मामा हातातला बोंबलांचा वाटा खाली ठेवून कान देतात. गाणं दुसऱ्याचं असेल तर "बेंजो पुढं गेला, गळा मागं राह्यला" म्हणत उठतात. स्वतःचं असेल तर उठत नाहीत. मग तासभर आपणही उठायचं नाही.

अल्बम एकच. वेसावकर आणि मंडळीच्या कॅसेटी हळदीहळदीत वाजायच्या, त्या नव्वदच्या दशकातला. आठ गाणी, वेष्टनावर होडीत उभे मामा. होडी किनाऱ्याला बांधलेली, दोर स्वच्छ दिसतो. खर्च घरचा. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांतले किती टक्के त्यात बुडाले, हे मामी अजून विचारतात. मामा तेवढ्यापुरते आलाप घेतात. उरलेल्या कॅसेटी माळ्यावर आहेत. मांजरीची तीन बाळंतपणं त्यांच्यावरच झाली.

परीक्षण पेपरात नाही, बाजारात झालं. एका गाण्यात नवरदेव ऐन आषाढात डोल घेऊन निघतो. कोयत्यानं सुरमई कापता कापता एक आजी म्हणाली, "नारळी पुनवेआधी कोन जातंय रं दर्याव? तुजा नवरा दुसऱ्या कडव्यातच बुडाला आसंल!"

मामा उसळले. "शांताबाई शेळके इंदापूरच्या. तिथं कुठला आला दर्या? तरी 'मी डोलकर' त्यांनीच लिवलं ना? त्यांना कुनी म्हयना इचारला?"

"त्याला चाल हृदयनाथाची. गायला हेमंतकुमार, लता. तुज्या गान्याला चाल कोनाची?"

"माजीच."

"न् गायलंय कोन?"

"मीच."

"तं मग," म्हणून आजीनं सुरमईचं डोकं वेगळं केलं.

खरं तर (हे मामांसमोर बोलायचं नाही) त्यातलं एक गाणं तरलं. बी बाजूचं, शेवटचं. आज बेलापूरपासून उरणपर्यंत हळदीला ते वाजतं, पण दुप्पट वेगात आणि 'पारंपरिक' म्हणून. परवा एका मांडवात मामा घाम पुसत डीजेपाशी गेले. "पोरा, ह्ये गानं माजं हाय."

"काका, सगल्यांचंच हाय. परत पायजे तं चिठ्ठी द्या."

मामांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर चिठ्ठी लिहिली. खाली पूर्ण नाव, कंसात 'गायक'. डीजेनं माइक उचलला, "आता पारंपरिक गाणं, आपल्या मामांच्या खास फर्माईशीवर!"

मामा सगळ्यांच्या आधी नाचायला उतरले.