परिणाम लिहा (5 गुण)

इतिहासाच्या मास्तरांना एक सुख असतं, त्यांच्या पुस्तकातली युद्धं संपलेली असतात. पानिपत 1761 मध्ये आटोपलं. भाऊसाहेबांनी होळकरांचं ऐकायला हवं होतं की नाही, यावर आपण आजही हमरीतुमरीवर येतो, पण ‘सर, सकाळच्या बातमीत वेगळंच सांगत होते’ असं म्हणायला कुणी उठत नाही. फळ्यावर कारणे, घटना, परिणाम असे तीन मथळे टाकले की तास निघून जातो.

रशियात इतिहासाचे शिक्षक व्हायला निघालेल्या पोरांची मात्र पंचाईत आहे. युक्रेनचं युद्ध त्यांना शिकवायचंय, आणि ते चालूच आहे. तिसरा मथळा रिकामा. तो रिकामा ठेवायची मुभाही नाही.

पण सरकार मायबाप आहे. ऑगस्ट 2023 मध्ये अकरावीसाठी, म्हणजे तिथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षासाठी, 1945 पासून थेट या युद्धापर्यंतचा इतिहास सांगणारं सरकारी पुस्तक आलं. लेखक व्लादिमीर मेदिन्स्की आणि अनातोली तोर्कुनोव. काम पाच महिन्यांच्या आत उरकलं, हे मेदिन्स्कींनी स्वतःच सांगितलं. हे गृहस्थ पुतिन यांचे सल्लागार. 2022 मध्ये युक्रेनशी वाटाघाटी करणाऱ्या रशियन शिष्टमंडळाचे प्रमुख तेच, 2025 मध्ये इस्तंबूलला गेले तेही तेच. पेपर काढणारा, गाईड लिहिणारा आणि तपासणारा एकच असला की फेरतपासणीची कटकट राहत नाही. जन्म मात्र युक्रेनमधल्या स्मिला गावचा. परिसर अभ्यास पक्का असणार!

शिक्षणमंत्री क्राव्त्सोव यांनी तेव्हाच सांगून टाकलं की ‘विशेष लष्करी कारवाई’ आपल्या विजयाने संपली की पुस्तकात भर घालू. म्हणजे निकाल लागलेला आहे, परीक्षा तेवढी व्हायची आहे.

आता नकाशावाचन. 30 सप्टेंबर 2022 रोजी पुतिन यांनी युक्रेनचे चार प्रांत रशियाला जोडले, त्यात खेरसोन आलं. 11 नोव्हेंबरला खेरसोन शहरात युक्रेनचं सैन्य परतलं. रशियाच्या राज्यघटनेत ते शहर रशियाचं, आणि झेंडा युक्रेनचा. भावी गुरुजींनी अशा ठिकाणी छडी ठेवावी आणि लगेच सैबेरियाकडे सरकवावी. सैबेरिया मोठा आहे, तास पुरतो.

सोमवारची तर तयारीच करावी लागत नाही. सप्टेंबर 2022 पासून आठवड्याची सुरुवात झेंडावंदनाने आणि ‘महत्त्वाच्या गोष्टींबद्दल गप्पा’ या तासाने होते. गप्पांचा मजकूर वरून येतो. गप्पा खरंच मारल्या का, हेही वर कळवायचं असतं. उरल भागातल्या काराबाश गावच्या शाळेत पावेल तालान्किन यांच्याकडे अशा तासांचं चित्रीकरण करायचं काम होतं. ते चित्रीकरण घेऊन ते 2024 मध्ये देशाबाहेर पडले आणि त्याचा माहितीपट झाला. कार्यक्रम पाच मिनिटांचा आणि फोटो अपलोड करायला तासभर, हे भोगलेल्या आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी तो जरूर पाहावा.

घाईघाईने पुस्तकं बदलणं युक्रेनमध्येही चाललंय, आणि युद्ध चालू असताना लिहिलेला इतिहास तिथेही पुढे तपासावाच लागेल. पण खारकीवमध्ये 2023 पासून वर्ग मेट्रो स्थानकांत भरतात. युद्धाची ‘कारणे द्या’ म्हटलं की तिथली पोरं पुस्तक उघडत नसतील, जिन्याकडे बोट दाखवत असतील.

राहता राहिली शंका विचारणारी मुलं. मार्च 2022 च्या कायद्याने सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खोटं कुठलं, हे ओळखायला सोपं आहे: संरक्षण मंत्रालयाने सांगितलं नसेल ते. हा कायदा आला त्याच महिन्यात पेन्झा शहरातल्या एका शिक्षिकेने वर्गात युद्धाविरुद्ध बोलून दाखवलं. तिला 5 वर्षांची स्थगित शिक्षा झाली, शिकवण्यावरही बंदी आली. रेकॉर्डिंग तिच्याच विद्यार्थ्यांनी केलं होतं.

तेव्हा गुरुजी, हजेरी नंतर घ्या. आधी मोबाइल गोळा करा.