जुनी वाट, जुनीच सवय

पूर्णाकाठच्या केदारखेड्याहून एसटी भोकरदनकडे निघाली, की शेजारचे आजोबा पिशवी मांडीवर घेतात आणि विचारतात, “गाव कोणतं म्हणायचं, भाऊ?” आपण पुणं सांगून सुटका करून घेऊ पाहतो. आजोबा ऐकत नाहीत. “ते राहायचं. मूळ गाव?”

हा प्रश्न या वाटेवर दोन हजार वर्षं तरी विचारला जात असावा. पुढचं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरची ही भरभराटीची पेठ. व्यापारी गेले, भिक्खू गेले, कारागीर गेले. १९७३च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेईत निघाली होती. पाँपेई इ. स. ७९मध्ये राखेखाली गेलं. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची कारागिरी साता समुद्रापार पोचलेली असणार. तीही पासपोर्टच्या रांगेत उभं न राहता.

पण मला खरं कौतुक वाटतं ते सांचीला पोचलेल्या मंडळींचं. चारशे किलोमीटरहून लांबची ही वाट. तिथल्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं दगडांवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे दातेही आहेत. दान पुण्यासाठीच दिलं असेल, शंका नाही. पण गावाचं नाव घालायला कुणी विसरलं नाही! आपल्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘सप्रेम भेट’, खाली नाव आणि गाव असतं. पंखा सुरू झाला की वाचता येत नाही, बंद केला की उकडतं. सांचीच्या दात्यांनी दगड निवडला, यात त्यांचा व्यवहार दिसतो.

राज्यं आली, गेली. २३ सप्टेंबर १८०३ला याच परिसरातल्या असईला मराठे आणि इंग्रज लढले. पुढे निजामाचा अंमलही संपला. आता इथली पोरं कामासाठी पुण्या-संभाजीनगरला जातात आणि मोटारसायकलच्या मागे गावाचं नाव रंगवून घेतात. माणूस गाव सोडतो. गावाचं नाव सोडवत नाही.

तेव्हा सांचीला जाल तर तोरणापुढचा फोटो झाल्यावर दगडांवरची अक्षरंही बघा. वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, त्यांत आपल्या जालना जिल्ह्यातली माणसं आहेत. आणि एसटीत कुणी मूळ गाव विचारलं, तर नीट सांगा.