शब्दांची जात विचारणारे सर

मुरुमच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहणं धोक्याचं असतं. सर तिथं येतात. "कुठं निघालास?" असं मायेनं विचारतात. आपण गाफीलपणे "उमरग्याला" म्हणून जातो.

"बरं. यातला 'ला' इंग्रजीत कुठं बसंल?"

"पुढं, सर."

"शाबास. जा आता."

गाडी तोवर गेलेली असते.

सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी पाच ते सहा त्यांच्या ओसरीवर शिकवणी चालूच असते. फी म्हणून कुणी तुरीची डाळ आणून देतं, कुणी नुसतंच पाया पडतं. 2000 साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं, याचा सरांना आनंद नाही, राग आहे. "आम्ही पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली, पण शब्दाची जात अंधारातसुद्धा ओळखायचो. ह्यांना आठांची नावं तरी येतात का बघ!"

प्रिपोझिशन शिकवावं ते त्यांनीच. आमच्या वर्गात घरी कानडी बोलणारी पोरं होती, दखनी बोलणारी होती, मराठी तर होतीच. सर तिघांना उभं करायचे. एक म्हणायचा "टेबलावर", दुसरा "टेबल पो", तिसरा "मेजिन मेले". 'मेले' ऐकून नवीन पोरं दचकायची. मग सर टेबलावर डस्टर आपटायचे. "बघा लेकरांनो, आपल्या तिन्ही घरांत हा गडी नामाच्या मागनं चालतो. साहेबाच्या घरात तेवढा पुढं. ऑन द टेबल!" एवढ्यावर पोरं जन्मभर चुकली नाहीत. निदान टेबलाच्या बाबतीत.

जातींच्या आकड्याबद्दल त्यांचं स्वतःचं एक संशोधन होतं. यास्काचार्यांना चार पुरल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. इंग्रजीत आठ झाल्या. मराठीच्या पुस्तकातही नामापासून केवलप्रयोगीपर्यंत आठच. "शाळा निघाल्या की जाती वाढतात," असं म्हणून ते मिशीत हसायचे.

पण त्यांचा खरा लाडका विषय वेगळाच. आपल्याकडं बसवकल्याण काही लांब नाही, हद्द ओलांडली की आलंच. त्याचा दाखला देत सर सांगायचे, "बाराव्या शतकात बसवण्णांनी सांगितलं, माणूस जन्मावर तोलू नका. माणसांनी ऐकलं का? इंग्रजी शब्दांनी ऐकलं!" आणि फळ्यावर 'राउंड' लिहायचे. गोल टेबल म्हटलं की हा विशेषण. कुस्तीचा दुसरा राउंड म्हटलं की नाम. कोपऱ्याला वळसा घातला की क्रियापद. 'राउंड द कॉर्नर'मध्ये प्रिपोझिशन, आणि नुसतं 'टर्न राउंड' म्हटलं की क्रियाविशेषण. "एकच शब्द, पाच जाती! दाखला नाही, पडताळणी नाही. वाक्यात काय काम करतो तेवढं बघायचं." त्या दिवशी आम्ही भारावून घरी गेलो होतो.

गेल्या वर्षी सरांच्या धाकट्याचं लग्न ठरवायचं होतं. मी एक स्थळ सुचवलं. मुलगी शिकलेली, नोकरीला, घर सालस. सरांनी चष्मा पुसत पहिला प्रश्न विचारला, "पोटजात कोणती?"

ओसरीवर शिकवणीची पोरं बसलेली होती. मीच लाजलो. म्हटलं, "सर, तो राउंड..."

"ते कॉमन शब्दांचं," सर शांतपणे म्हणाले. "आडनाव म्हणजे प्रॉपर नाउन. त्याचं कॅपिटल कधी सुटत नाही, त्याची जात कधी बदलत नाही."

मागच्या रांगेतल्या सातवीतल्या पोरीनं हात वर केला. "सर, पण बॉयकॉट हे आडनाव होतं ना? आयर्लंडातल्या कॅप्टनचं. 1880 साली लोकांनी त्याला वाळीत टाकलं आणि त्याच्या नावाचं व्हर्ब झालं. तुम्हीच मंगळवारी सांगितलं की."

सरांनी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"सहा वाजले," ते म्हणाले. "जावा आता घरला."