क्रांती झाल्यास पुराव्यासह कळवावे

पेटंट एजंट होऊ इच्छिणाऱ्यांसाठी ऑनलाइन पात्रता परीक्षा. तिचं सूचनापत्रक. कुणी काढलं ते विचारू नका. असल्या पत्रकांना जनक नसतो, फक्त जावक क्रमांक असतो. सूचना बऱ्याच आहेत, पण मी क्रमांक १४ च्या पुढे गेलेलो नाही. ती अशी : ‘परीक्षार्थीच्या इंटरनेट जोडणीत खंड पडल्यास त्याची जबाबदारी सर्वस्वी परीक्षार्थीची राहील. या कारणास्तव वाढीव वेळ दिला जाणार नाही. याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’

घरून द्यायची ऑनलाइन परीक्षा कुठलीही असो, हे वाक्य तिच्यात असतंच. दुसऱ्या परीक्षांत असतं तेव्हा आपण मुकाट्याने वाचतो. इथे गंमत अशी की, या परीक्षेचा अभ्यासक्रमच मुळी पेटंट कायदा, १९७० आणि पेटंट नियम, २००३ हा आहे. आणि त्या नियमांतल्या सहाव्या नियमाचा पाचवा उपनियम सांगतो की, मुदत चुकली आणि त्याचं कारण युद्ध, क्रांती, नागरी अशांतता, संप, नैसर्गिक आपत्ती किंवा इलेक्ट्रॉनिक दळणवळण सेवांची सार्वत्रिक अनुपलब्धता हे असेल, तर झालेला उशीर माफ करता येतो. म्हणजे कायद्याने इंटरनेटला थेट युद्धाच्या पंक्तीला बसवलं आहे. त्याला कारणही आहे. एजंटाने कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक मार्गानेच दाखल करायची, असं हाच नियम दोन पावलं आधी बजावतो. ज्याने तारेवर चालायला लावलं, त्याने तार तुटली तर खाली जाळंही धरलं. परीक्षा घेणाऱ्यांनी तार घेतली आणि जाळं अभ्यासक्रमात टाकलं.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत हे येणार. ‘तुमच्या अशिलाच्या गावी आठवडाभर इंटरनेट बंद होतं. त्यामुळे मुदत हुकली. कोणता उपाय उपलब्ध आहे?’ खाली चार पर्याय. परीक्षार्थी कुडाळचा. पाऊस कोसळतोय. रात्रीपासून तालुक्यात वीज नाही, समोरच्या डोंगरावरचा टॉवर मान टाकून उभा आहे, लॅपटॉप शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर आणि इन्व्हर्टर देवाच्या भरवशावर. तरी पोराला उत्तर येतंय. तो ‘ब’वर, म्हणजे नियम ६(५) वर, बाण नेतो, आणि पडदा थिजतो. जोडणी परत येते तेव्हा पडद्यावर लिहिलेलं असतं : ‘आपली परीक्षा समाप्त झाली आहे. धन्यवाद.’ अशील सुटला, एजंट बुडाला.

मग परीक्षार्थीने करावं काय? नेट गेल्यास माफी नाही, हे पत्रकात स्पष्ट आहे. पण युद्धाबद्दल पत्रक गप्प आहे. क्रांतीबद्दल तर अवाक्षर नाही. तेव्हा शहाण्या परीक्षार्थीने दुसरं सिमकार्ड शोधत बसण्यापेक्षा क्रांतीची तयारी ठेवावी. मात्र ती नियमात बसणारी हवी. अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो, त्याच भागात ती व्हायला हवी. डोंबिवलीच्या परीक्षार्थीला फ्रान्सची क्रांती चालणार नाही, ठाण्याचीसुद्धा नाही. शिवाय तिच्यामुळे त्या भागातलं नेहमीचं दळणवळण विस्कळीत झालेलं असलं पाहिजे. डोंबिवलीत त्यासाठी क्रांतीची गरज नाही, रविवारचा मेगाब्लॉक पुरतो. पण मेगाब्लॉक यादीत नाही, क्रांती आहे. परिस्थिती निवळल्यापासून महिन्याच्या आत हालचाल करायची. आता क्रांती नक्की कोणत्या तारखेला संपली, यावर इतिहासकार शंभर-शंभर वर्षं भांडतात, पण परीक्षार्थीला ते महिन्याभरात ठरवावं लागेल. सोबत घडल्या हकिगतीचं निवेदन आणि पुरावा जोडायचा. क्रांतीचा पुरावा म्हणजे काय? क्रांतिकारी समितीच्या अध्यक्षांचं लेटरहेडवरचं पत्र? ते साक्षांकित कुणी करायचं? जुन्या राजवटीच्या राजपत्रित अधिकाऱ्याने केलं, तर तो तुरुंगात आहे. नव्या राजवटीच्या अधिकाऱ्याने केलं, तर त्याचा शिक्का अजून छापून यायचाय. आणि एवढं सगळं जमवलं, राजवाडा ताब्यात आला, रेडिओवरून घोषणा झाली, तरी कॅमेऱ्यातून नजर ठेवणारा प्रॉक्टर विचारणारच : क्रांतीच्या वेळी तुमचा कॅमेरा चालू होता का?

हेल्पलाइन असते, नाही असं नाही. तिच्यावरचा संवाद सगळ्यांना पाठ आहे, तरी नोंद राहावी म्हणून देतो.

‘मॅडम, माझं नेट गेलंय.’

‘सर, पोर्टलवर तिकीट रेझ करा.’

‘पोर्टल नेटवर आहे.’

‘मग ई-मेल करा, सर.’

‘मॅडम, ई-मेलसुद्धा...’

‘सोबत स्क्रीनशॉट जोडा, सर. नेट नसल्याचा.’

परीक्षेचं स्वरूप याच डोक्यातून निघालेलं. खोलीत परीक्षार्थीखेरीज कुणी नसावं, दार बंद असावं, पाठीमागे कोरी भिंत असावी. आपल्या घरांत कोरी भिंत असते कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर दिनदर्शिका असते, दुधाचा हिशेब असतो, आणि हार घातलेले आजोबा असतात. यंत्र चेहरे मोजतं. आजोबांचा फोटो मोठा, डोळे करारी. ‘खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. पहिला इशारा.’ आजोबा १९८४ साली गेले, हे यंत्राला सांगण्यासाठी परीक्षार्थी तोंड उघडतो. ‘बोलण्याचा आवाज आढळला. दुसरा इशारा.’ आजोबांना उतरवायला तो उठतो. ‘परीक्षार्थी चौकटीबाहेर.’ झालं. ज्याच्या घरात स्वतःची खोली, त्या खोलीला दार आणि त्या दारापलीकडे गप्प बसणारी माणसं आहेत, त्यानेच पेटंट एजंट व्हावं, असं कायद्यात कुठे लिहिलंय? कलम १२६ भारतीय नागरिकत्व मागतं, वयाची २१ वर्षं मागतं, विज्ञानाची, अभियांत्रिकीची किंवा तंत्रज्ञानाची पदवी मागतं. टू-बीएचके मागत नाही.

दुसरा पेपर स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं तपशीलवार वर्णन, लिहिण्याचा. त्यातला क्लेम, म्हणजे शोधावरच्या हक्काचा दावा, या धंद्यात एकच वाक्य असतं, मग ते दीड पान चाललं तरी चालेल. आणि त्यात प्रत्येक भाग ‘सदरहू’ म्हणत पुन्हा पुन्हा यावा लागतो. हे ज्या पेटीत टाइप करायचं, ती पिनकोड लिहिण्याच्या बेताची. कॉपी-पेस्ट बंद. आकृती काढायची सोय नाही. असली परीक्षा हाच एक शोध म्हणून कुणी अर्ज केला, तर याच परीक्षेत नापास झालेला पोरगा तो फेटाळून दाखवेल. कलम ३(एफ) : माहीत असलेली, आपापली स्वतंत्रपणे चालणारी साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली, की त्याला शोध म्हणत नाहीत. कॅमेरा आपला चालतो, घड्याळ आपलं चालतं, ब्राउझर आपला बंद पडतो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

इथवर ठीक. वेळापत्रकाशी आलं की मात्र मला हसू येत नाही. तारीख जाहीर होते. मुलं रजा टाकतात, गर्दीच्या फर्ममधला वरिष्ठ तोंड वाकडं करून ती मंजूर करतो, कुणी कुडाळहून नेटसाठी पुण्याला मावशीकडे जातं. मग आदल्या आठवड्यात दोन ओळींचं पत्रक येतं : ‘अपरिहार्य कारणास्तव परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे. सुधारित दिनांक यथावकाश कळविण्यात येईल.’ कोणतं अपरिहार्य कारण? युद्ध झालं का? क्रांती? संप तरी? निवेदन नाही, पुरावा नाही, महिन्याची अट नाही. यथावकाश म्हणजे किती? या पोरांनी आयुष्यभर करायचं काय, तर तारखा सांभाळायच्या. अग्रहक्काचे १२ महिने, पहिल्या तपासणी अहवालाला उत्तर देण्याचे ६ महिने, पेटंटची २० वर्षं आणि त्या वर्षांत भरायची शुल्कं. यातला एक दिवस हुकला, तर कुणाची तरी हयातभराची मेहनत हातची जाऊ शकते आणि तो माणूस एजंटाच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला ‘अपरिहार्य कारणास्तव’ सांगून बघा. ज्यांना मुदतीची भीती शिकवायची, त्यांची परीक्षा मुदत नावाची चीज न पाळणाऱ्यांनी घ्यायची आणि वर त्यांना वक्तशीरपणाबद्दल दम भरायचा. सकाळी साडेनऊच्या पेपरला आठ वाजता लॉगिन, आठ वाजून एक मिनिटाला दार बंद. तुमचा एक मिनिटाचा उशीर हा गुन्हा, त्यांचा एक वर्षाचा उशीर हा निर्णय. उशीर कुणी करायचा हे घड्याळ ठरवत नाही, खुर्ची ठरवते. आणि एकदा ते कळलं, की नेट जाणं ही तांत्रिक अडचण राहत नाही. ती पायरी होते, कोण वरच्या पायरीवर आणि कोण खालच्या, एवढंच तिच्यावरून कळतं.

उपाय आहे आणि तो अभ्यासक्रमातलाच आहे. यापुढे परीक्षा ढकलल्याचं पत्रक निघालं, की प्रत्येक परीक्षार्थीने नोटीस काढावी. ‘आपल्या विलंबाची दखल घेण्यात आली आहे. नियमातल्या कारणांपैकी कोणतं लागू पडतं ते कळवावं, घडल्या हकिगतीचं निवेदन आणि पुरावा जोडावा. महिन्याच्या आत पूर्तता न झाल्यास परीक्षा घेण्याचा आपला विचार आपण सोडून दिला आहे, असं मानण्यात येईल.’ ‘सोडून दिल्याचं मानणं’ हा याच कायद्यातला प्रकार, अर्जदाराने वेळेत पूर्तता केली नाही की त्याच्यावर चालवतात. एकदा उलटा चालवून पाहायला हरकत नसावी. नोटीस ऑनलाइनच पाठवा आणि पोच मागा. त्या दिवशी त्यांचा सर्व्हर बसलेला असेल, तर मोठ्या मनाने समजून घ्या. नेट त्यांचं गेलं की ती सार्वत्रिक अनुपलब्धता असते; आपलं गेलं की निष्काळजीपणा.