मुदत ठेवीला कोणी वाली नाही

मुदत ठेवीइतकी अरसिक वस्तू बँकेत दुसरी नाही. एक कागद, त्यावर रक्कम, व्याजाचा दर, मुदत आणि शेवटी हातात पडणारा आकडा. संपलं! हसऱ्या कुटुंबाचा फोटो नाही, समुद्रकिनारी हात धरून चालणारं म्हातारं जोडपं नाही, 'स्वप्न', 'समृद्धी', 'कवच' यांपैकी एक शब्द नाही. दर लपवायचा म्हटला तरी त्या पावतीत जागा नाही. शिवाय तिच्यावर शाखेतल्या कोणाला कमिशन नाही, टार्गेट पूर्ण केल्याबद्दल बँकॉकची सहल नाही. अशा वस्तूसाठी कोण घसा कोरडा करणार? त्यामुळे ठेव ठेवायला आलेल्या माणसाकडे हल्ली शाखेत काळजीने पाहतात. शिकला-सवरलेला दिसतो, तरी एफडी करतो!

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गणित शिक्षक मार्चमध्ये असेच सापडले. ठेवीची मुदत भरली होती, ती पुढे चालू ठेवायची एवढंच काम. पासबुक भरायला गेलं की प्रिंटर बंद असतो, तीच ही शाखा. पण खात्यावर दहा लाख मोकळे होणार हे संगणकाने आधीच सांगितलेलं असावं. सरांना थेट केबिनमध्ये बसवलं गेलं. चहा आला. चहाबरोबर बिस्किटं आली तेव्हाच सरांनी सावध व्हायला हवं होतं.

"सर, एफडीत आता काय राहिलंय? हा प्लॅन बघा. वर्षाला एक लाख, फक्त दहा वर्षं. विसाव्या वर्षी वीस लाख. डबल! तेही गॅरंटीड आणि टॅक्स फ्री."

"मॅडम, माझं वय अडुसष्ट."

"म्हणूनच पॉलिसी मुलाच्या नावावर काढू. हप्ता तुमच्या खात्यातून परस्पर जाईल, तुम्हाला काही त्रास नाही."

"म्हणजे जीव मुलाचा, पैसे माझे, आणि डबल झालेले बघायला मी अठ्ठ्याऐंशीचा."

"सर, पॉझिटिव्ह राहायचं!"

"बरं, वर्षाला किती टक्के पडतात?"

मॅडमनी माहितीपत्रकाचं पान उलटलं. तिथे समुद्रकिनारा होता. "सर, टक्क्यांत नका अडकू, बेनिफिट बघा. आणि हो, कंपनीकडून फोन येईल. ते विचारतील त्या सगळ्याला फक्त 'हो' म्हणा."

मॅडमचाही दोष नाही. संध्याकाळी वरच्या ऑफिसचा फोन येतो. त्यात ठेवी किती जमल्या हे नंतर, विमा किती विकला हे आधी विचारतात. मात्र त्यांचा नेम चुकला. महाराष्ट्रात चक्रवाढ व्याज आठवीला शिकवतात आणि सरांनी ते आयुष्यभर शिकवलेलं. घरी येऊन त्यांनी कागद घेतला. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख, असे १० हप्ते, आणि विसावं वर्ष संपताना २० लाख. दर निघाला वर्षाला सुमारे ४.५ टक्के. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत टाकून व्याजासकट फिरवत ठेवले, तर त्याच वेळी सुमारे २७ लाख होतात. 'डबल' हा शब्द खरा होता. फक्त किती वर्षांत, हे वाक्याच्या शेपटाला बांधलेलं होतं.

आता करमुक्तीचं पाहू. व्याजावर कर लागतो, विम्याच्या मुदतपूर्तीवर सहसा लागत नाही, हे खरंच आहे. हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत हवा आणि १ एप्रिल २०२३ नंतरच्या अशा पॉलिसींचे हप्ते मिळून वर्षाला ५ लाखांच्या वर जायला नकोत, एवढंच. म्हणून ३० टक्के कर भरणाऱ्याने हिशेब केला तर गंमत होते: साडेसहा टक्क्यांतून कर आणि उपकर वजा जाता त्याच्या हातात साधारण ४.५ टक्केच उरतात. बरोबरी! वर वीस वर्षांचा दर आजच पक्का होतो. बँकेची ठेव सहसा दहा वर्षांच्या पुढे जात नाही आणि पुढचा दर कोणी पाहिलेला नाही. तेव्हा अशा साहेबांनी योजना घेतली तर आमची ना नाही. पण केबिनमध्ये चहा मिळतो तो पेन्शनरला. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर त्याला करच नाही, आणि '८०-सी'ची वजावट त्या प्रणालीत मुळात नाहीच. जो कर भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी या माणसाने दोन टक्के सोडायचे!

या योजनेची खरी कमाल तिच्या दुटप्पीपणात आहे. परतावा कमी आहे म्हणा, उत्तर तयार: "सर, हा विमा आहे." कव्हर कमी आहे म्हणा: "सर, ही गुंतवणूक आहे." लाखाच्या हप्त्यावर कव्हर साधारण १० लाखांचं. तिशीतल्या निर्व्यसनी, धडधाकट माणसाला १ कोटीचा टर्म विमा वर्षाला दहा-पंधरा हजारांत मिळतो. पण टर्म विम्यात जिवंत राहिलं तर काही परत मिळत नाही, आणि मराठी माणसाला पैसे बुडाल्याचं दुःख जिवंत राहिल्याच्या आनंदाहून मोठं वाटतं. या स्वभावावर कंपन्या फार वर्षं जगल्या आहेत.

मध्येच पैसे लागले तर? ठेव मोडली की अर्धा-एक टक्का व्याज कापतात, मुद्दल हातात येतं. पॉलिसी मोडायला गेलं की आधी समजूत काढतात, मग जे देतात त्यात मुद्दल शोधावं लागतं. एक हप्ता भरून पॉलिसी सोडली तर पूर्वी काहीच मिळत नसे. नियामकाने डोळे वटारल्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम देणं कंपन्यांना भाग पडलं. तोवर 'ग्राहकाचं हित' पहिली दोन वर्षं रजेवर असायचं.

मुदत ठेवही धुतल्या तांदळासारखी नाही. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. अशा वेळी कामाला येतो तो ठेव विमा: दर बँकेत दर ठेवीदाराला, व्याज धरून, ५ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे. म्हणजे विम्याची जोड असलेली, फुकटातली बचत आपल्या कपाटात आधीपासूनच पडून आहे. तिची माहिती द्यायला कोणी केबिनमध्ये बोलावत नाही, कारण त्यात कोणाचं टार्गेट पूर्ण होत नाही. फक्त गल्लीतल्या पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. तिथे दोन टक्के जास्त मिळत असतील, तर ते का मिळतात हे विचारून घ्या.

तात्पर्य, विमा हवा तर विमाच घ्या, बचत हवी तर बचतच करा. दोन्ही एकत्र देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: वर्षाला किती टक्के? उत्तरात टक्के सोडून बाकी सगळं आलं, तर चहा पिऊन उठा. आणि सही आधीच झाली असेल तर घाबरू नका. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमा एवढे कापून बाकीचे पैसे कंपनीला द्यावेच लागतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.