कचऱ्याला बांधकाम परवाना लागत नाही

संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, पुढच्या 200 मीटरांत परवानगी हवी. 2010 च्या दुरुस्तीने पुरातत्त्व कायद्यात ही तरतूद घातली, त्याबद्दल कचऱ्याच्या वतीने आभार. रायगडाच्या पायथ्याशी कचऱ्याला विटांचा आडोसा केला, की ते झालं बांधकाम. उघड्या कचऱ्याला मात्र ना पाया, ना छप्पर, ना नकाशा मंजुरीची कटकट. म्हणून पाचाडहून चित्त दरवाजाकडे निघालेला शिवभक्त ताकाचा रिकामा ग्लास करवंदीच्या जाळीत अलगद खोचतो, तेव्हा तो कायदाच पाळत असतो. (जयघोष वेगळा, तो मोफत.) ओला-सुका वेगळा ठेवा, हे घनकचरा नियमांचं सांगणंही निसर्ग पाळतोच: पावसाळ्यात सगळा ओला, उन्हाळ्यात सगळा सुका.

एवढ्यावर थांबू नये. पुरातन ठरायला कायद्याला 100 वर्षं पुरतात, आणि पाण्याची बाटली तेवढी आरामात टिकते. तिची आजच जागेवर नोंद करावी, भोवती निळा फलक रोवावा. नातवंडांच्या काळात ती उचलायला आलेल्या सफाई कामगाराला आधी दिल्लीहून ना हरकत दाखला आणावा लागेल.